नोटबुकमागचा पायथन

टर्मिनलमध्ये पॅकेज इन्स्टॉल होते, काम फत्ते झाल्याचा संदेशही येतो, आणि नोटबुकच्या पहिल्याच सेलमध्ये तेच पॅकेज इम्पोर्ट करायला गेले की ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ हा एरर येतो. पुन्हा इन्स्टॉल करू गेल्यास पॅकेज बसवणारा पिप सांगतो, ते आधीच बसवलेले आहे. डेटावर काम करणाऱ्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे सुचेल त्या ठिकाणी, सुचेल त्या आज्ञेने ते पॅकेज बसवत राहायचे. कधीतरी ते लागू पडते, सेल चालतो आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. मला हा उपाय घातक वाटतो, कारण अडचण पॅकेज बसवण्याची नसतेच. नोटबुकमधला कोड नेमका कोणता पायथन चालवतो आहे, त्याला कोणती पॅकेजेस दिसतात आणि ती कोणत्या आवृत्तीची आहेत, हे ठाऊक नसणे ही अडचण असते. ते ठाऊक नसेल तर त्या नोटबुकमधून निघालेल्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार उरत नाही. एन्व्हायरन्मेंट हा गणिताचाच एक भाग आहे. म्हणून ती जाणूनबुजून निवडावी, तिला ओळखू येईल असे नाव द्यावे आणि ते नाव नोटबुकसोबत नोंदलेले असावे, असे माझे म्हणणे आहे.

व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटची गरज का पडली, हे आधी पाहायला हवे. पायथनच्या एका इन्स्टॉलेशनमध्ये एका पॅकेजची एकच आवृत्ती नांदू शकते. दोन प्रकल्पांना दोन आवृत्त्या हव्या असतील तर एकाचे भागवताना दुसऱ्याचे मोडते. इयान बिकिंग यांनी २००७ मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ हे साधन आणले ते यासाठी, आणि २०१२ मध्ये पायथन ३.३ सोबत हीच कल्पना ‘व्हेन्व’ या नावाने भाषेच्या मूळ संचात आली. रचना अगदी साधी आहे. एक फोल्डर, त्यात पायथनच्या इंटरप्रिटरची प्रत किंवा त्याच्याकडे नेणारी लिंक, पॅकेजेससाठी स्वतंत्र जागा, आणि मूळ पायथन कुठे आहे हे सांगणारी मोजक्या ओळींची फाइल. इंटरप्रिटर सुरू होताना आसपास ती फाइल आहे का हे पाहतो, आणि सापडली की पॅकेजेस त्याच फोल्डरमधून घेतो. बारकाईने पाहिले तर एन्व्हायरन्मेंट ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणे ही यातली अट नाही. अ‍ॅक्टिव्हेट केल्याने टर्मिनलच्या त्या एका सत्राचा पाथ बदलतो, म्हणजे आज्ञा कुठे कुठे शोधायची त्या यादीत या फोल्डरचा नंबर पहिला लागतो, आणि ओळीच्या सुरुवातीला कंसात नाव दिसू लागते. शेजारच्या दुसऱ्या टर्मिनलला याची खबर नसते. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामला तर नसतेच नसते.

नोटबुक वेगळ्या वाटेने आले. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केला, २०११ च्या अखेरीस त्याला ब्राउझरमध्ये चालणारे नोटबुक मिळाले, आणि २०१४ मध्ये ज्युपिटर हा प्रकल्प जाहीर झाला तेव्हा नोटबुक कोणत्याही एका भाषेशी बांधलेले राहिले नाही. सगळी गोम या मोकळिकीत आहे. ब्राउझरमधले पान, त्यामागचा सर्व्हर आणि कोड प्रत्यक्ष चालवणारा कर्नल ही तीन वेगळी माणसे म्हणावीत इतकी स्वतंत्र आहेत. सर्व्हर पायथनमध्ये लिहिलेला असला तरी कर्नल आरचा असू शकतो, ज्युलियाचा असू शकतो, किंवा वेगळ्याच फोल्डरातल्या पायथनचा. सर्व्हर कर्नलला स्वतंत्र प्रोसेस म्हणून सुरू करतो आणि त्याच्याशी संदेशांची देवाणघेवाण करतो. कोणता कर्नल कसा सुरू करायचा, हे ‘कर्नल डॉट जेसन’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहिलेले असते: कोणती आज्ञा चालवायची, यादीत कोणते नाव दाखवायचे, भाषा कोणती. म्हणजे टर्मिनल पाथ पाहून पायथन निवडते आणि ज्युपिटर कर्नलची नोंद पाहून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाने केलेली निवड दुसऱ्याला आपोआप कळत असेल, असे आपण धरून चालतो तिथे घोटाळा होतो.

सर्वांत जास्त चकवणारी परिस्थिती अशी. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये नवी एन्व्हायरन्मेंट केली, अ‍ॅक्टिव्हेट केली, पांडाज आणि इतर पॅकेजेस बसवली, आणि त्याच टर्मिनलमधून ज्युपिटर सुरू केले. सगळे रीतसर. पण या नव्या एन्व्हायरन्मेंटमध्ये ज्युपिटर बसवलेलेच नाही. पाथमधल्या पहिल्या फोल्डरात ‘ज्युपिटर’ ही आज्ञा मिळत नाही, म्हणून टर्मिनल यादीतल्या पुढच्या फोल्डरांकडे वळते आणि संगणकावर पूर्वी कधीतरी बसवलेले सर्वसाधारण ज्युपिटर त्याच्या हाती लागते. तेच सुरू होते. त्याचा स्वतःचा कर्नल ‘पायथन ३’ या नावाचा असतो, आणि त्याच्या नोंदीत नुसतेच ‘पायथन’ लिहिलेले असले तर ज्युपिटर त्याचा अर्थ ‘ज्या पायथनवर मी स्वतः चालतो आहे तो’ असा घेते. टर्मिनलच्या ओळीवर कंसातले नाव दिसत राहते आणि कोड चालतो भलतीकडेच. एकही पायरी चुकल्यासारखी वाटत नाही, आणि म्हणूनच हा दोष सापडायला वेळ लागतो. दुसरा चकवा याच्या उलटा आहे. इथे कर्नल अचूक निवडलेला असतो, पण सेलमध्ये उद्गारचिन्ह लावून पिपची आज्ञा दिली जाते. उद्गारचिन्ह लावलेली ओळ शेलकडे जाते, शेल पाथ पाहते, आणि तो पाथ असतो सर्व्हर ज्या टर्मिनलमधून सुरू झाला तिथला. कर्नलच्या नोंदीने योग्य इंटरप्रिटर थेट त्याच्या पत्त्यावरून सुरू केला, पण पाथला हातही लावला नाही. परिणामी पॅकेज दुसऱ्याच घरात जाऊन बसते. जेक व्हँडरप्लास यांनी २०१७ मध्ये ही गुंतागुंत फार नेटकेपणाने उलगडून दाखवली होती. पुढे २०१९ मध्ये आयपायथनच्या ७.३ आवृत्तीत टक्केचिन्ह लावून द्यायची पिपची आज्ञा आली. ती चालू कर्नलच्याच पायथनमध्ये पॅकेज बसवते. इतका सरळ मार्ग उपलब्ध असताना नवशिक्यांसाठीच्या कितीतरी धड्यांमध्ये अजून उद्गारचिन्हच शिकवले जाते, याचे मला वाईट वाटते.

कर्नलच्या यादीत दिसणारे नाव आणि प्रत्यक्ष चालणारा इंटरप्रिटर यांचे नाते सातबाऱ्यावरचे नाव आणि शेतातली वहिवाट यांच्यासारखे असते. बहुधा दोन्ही जुळतात. पण खात्री हवी असेल तर शेतावरच जावे लागते. नोटबुकमध्ये ही खात्री दोन ओळींत होते. ‘सिस’ हे मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यातले ‘एक्झिक्युटेबल’ छापले की चालू इंटरप्रिटरचा पूर्ण पत्ता समोर येतो. त्यातलेच ‘प्रीफिक्स’ आणि ‘बेस प्रीफिक्स’ हे दोन पत्ते वेगवेगळे आले तर आपण व्हेन्वमध्ये आहोत, सारखे आले तर नाही. (कोंडाच्या एन्व्हायरन्मेंटला ही दुसरी कसोटी लागू पडत नाही, पहिली पडते.) टर्मिनलमधून ज्युपिटरला कर्नलस्पेकची, म्हणजे कर्नलच्या नोंदींची, यादी मागितली की प्रत्येक नोंद कोणत्या फोल्डरात आहे ते कळते, आणि तिथली जेसन फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून वाचता येते. ती एकदा वाचली की ज्युपिटरबद्दलचे निम्मे गूढ संपते.

आतापर्यंत एररबद्दल लिहिले, पण एरर येणे हे त्यातल्या त्यात बरे. काम थांबते आणि माणूस शोध घेतो. खरी काळजी आहे ती एरर न येता उत्तर बदलण्याची. सायकिट-लर्न या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचे उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ०.२२ आवृत्तीत रँडम फॉरेस्टमधल्या झाडांची गृहीत संख्या १० वरून १०० झाली, आणि लॉजिस्टिक रिग्रेशनची गृहीत पद्धत ‘लिबलिनियर’ऐवजी ‘एलबीएफजीएस’ झाली. आधीच्या आवृत्त्यांनी या बदलाचे इशारे दिले होते, ०.२२ पासून इशारा देण्याचे कारणच उरले नाही. आता एका एन्व्हायरन्मेंटमध्ये ०.२१ आणि दुसरीत ०.२२ असेल, आणि कोड लिहिणाऱ्याने झाडांची संख्या स्वतः दिलेली नसेल, तर तोच सेल, तोच डेटा आणि तोच रँडम सीड देऊनही दोन निराळी मॉडेले तयार होतात. दोन्ही वेळा सेल विनातक्रार चालतो. पायथन २ आणि ३ शेजारी शेजारी वापरले जात होते त्या काळात तर याहून उघडे उदाहरण रोज समोर होते: ७ भागिले २ याचे उत्तर एका कर्नलमध्ये ३ आणि दुसऱ्यात ३.५. अशा वेळी ‘माझ्या नोटबुकमध्ये अचूकता इतकी आली’ हे विधान अर्धेच राहते. कोणत्या एन्व्हायरन्मेंटमध्ये, हे सांगितले तरच ते पूर्ण होते.

हा धोका किती मोठा आहे, याचा अंदाज पिमेंटेल, मुर्ता, ब्रागानोलो आणि फ्रेरे या संशोधकांच्या २०१९ च्या अभ्यासातून येतो. त्यांनी गिटहबवरची सुमारे १४ लाख नोटबुके गोळा केली आणि त्यांतली ८ लाख ६३ हजारांहून अधिक प्रत्यक्ष चालवून पाहिली. विनाएरर चालली ती २४.११ टक्के. मूळ नोटबुकमध्ये साठवलेलीच उत्तरे पुन्हा मिळाली ती केवळ ४.०३ टक्के नोटबुकांत. या सगळ्याचे खापर एन्व्हायरन्मेंटवर फोडणे अन्यायाचे होईल. सेल उलटसुलट क्रमाने चालवणे, डेटाची फाइल सोबत नसणे, उत्तरात तारीख-वेळ येणे अशी इतर कारणेही तिथे होती. पण वारंवार आढळलेल्या एररमध्ये इम्पोर्ट न होण्याचा एरर अग्रभागी होता, आणि तो या लेखाचा थेट विषय आहे. नोटबुकांकडे केवळ कच्ची वही म्हणून पाहायचे असते तर हे आकडे चालवूनही घेता आले असते. पण नोटबुक आता पुरावा म्हणून मांडले जाते. सप्टेंबर २०१५ मध्ये नोंदल्या गेलेल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या गुरुत्वीय लहरींचा डेटा लायगो वेधशाळेने खुला केला, तेव्हा तो कसा वाचायचा आणि गाळायचा हे दाखवणारी पायथन नोटबुकेही सोबत दिली. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे, आणि पुण्याची आयुका या प्रकल्पातली एक प्रमुख संस्था आहे. इथल्या विद्यार्थ्याला जगातला पहिला गुरुत्वीय संकेत स्वतःच्या लॅपटॉपवर काढून पाहता येतो. ती मोलाची संधी एका चुकीच्या कर्नलपाशी अडकून पडू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

मग करायचे काय? कृती थोडीच आहे. ज्युपिटर एकाच ठिकाणी ठेवावे आणि प्रत्येक प्रकल्पाच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये फक्त ‘आयपीकर्नल’ हे पायथनचा कर्नल पुरवणारे पॅकेज बसवावे. मग त्या एन्व्हायरन्मेंटच्या पायथनलाच, त्याचा पूर्ण पत्ता देऊन किंवा ती अ‍ॅक्टिव्हेट करून, आयपीकर्नलमार्फत नोंदणी करायला सांगावी. ‘युजर’ हा पर्याय दिला की नोंद वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात जाते, त्यामुळे संगणकाच्या व्यवस्थापकाचे अधिकार लागत नाहीत. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सामायिक सर्व्हरवर काम करणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. नाव देताना मात्र आळस करू नये. नाव दिलेच नाही तर नोंद ‘पायथन३’ या नावावर होते, आणि त्याच नावाने पुन्हा नोंदणी केली की आधीची पुसली जाते. ‘टेस्ट’, ‘नवीन’, ‘एन्व्ह’ अशी नावे महिन्याभरात निरर्थक होतात. प्रकल्पाचे नाव आणि पायथनची आवृत्ती जोडून केलेले नाव वर्षांनंतरही बोलते. एन्व्हायरन्मेंटचे फोल्डर पुसले तरी तिची नोंद मागे राहते आणि यादीत निकामी नावे साचत जातात. ती काढून टाकायची आज्ञा ज्युपिटरमध्येच आहे.

‘एकच मोठी एन्व्हायरन्मेंट करून सगळे तिच्यात टाकले तर हा प्रश्नच उद्भवत नाही,’ असे पुष्कळजण म्हणतात. सुरुवातीचे काही महिने ते खरेही ठरते. पण जून २०२४ मध्ये नमपाय २.० आले तेव्हा १.एक्स मालिकेसाठी कंपाइल केलेली कितीतरी पॅकेजेस नव्या नमपायसोबत इम्पोर्टच होईनात. एका प्रकल्पासाठी नमपाय पुढे नेले आणि दुसरा प्रकल्प जागीच बसला, हे एकाच मोठ्या एन्व्हायरन्मेंटमध्ये अटळ होते. ती मोठी एन्व्हायरन्मेंट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचाच पायथन असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते, कारण सिस्टिमची स्वतःची साधने त्यावर चालतात. म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून तिथला पिप अशा ठिकाणी पॅकेज बसवायला सरळ नकार देतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट वापरा असे सांगतो. डिस्कवरची जागा आणि इंटरनेटचा खर्च हा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. मोजक्या इंटरनेट डेटावर काम भागवणाऱ्या विद्यार्थ्याला तेच पॅकेज दहा वेळा उतरवणे परवडत नाही. इथे पिपची कॅशे बरीच मदत करते, आणि २०२४ मध्ये आलेले ‘यूव्ही’ हे साधन तर शक्य तिथे एकच प्रत अनेक एन्व्हायरन्मेंटमध्ये वापरते, म्हणजे जागाही वाचते.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक घेतलेला असतो: प्रत्येक एन्व्हायरन्मेंटमध्ये संपूर्ण ज्युपिटरच का बसवू नये? बसवावे, त्यात काही चूक नाही. सर्व्हर आणि कर्नल एकाच घरात राहिले की चकव्याला जागा कमी उरते. एकेकट्याच्या छोट्या प्रकल्पाला ही रीत मी सुचवेनही. पण तिची किंमत अशी की कर्नलचे नाव पुन्हा ‘पायथन ३’ होते, आणि नोटबुक आपल्यासोबत एन्व्हायरन्मेंटची कोणतीही खूण घेऊन जात नाही. तिसरे म्हणणे असते की व्हीएस कोडसारखा एडिटर हे सगळे सांभाळतो. तो एन्व्हायरन्मेंट शोधून यादी दाखवतो, ही मोठी सोय आहे. पण तिथेही साध्या पायथन फाइलसाठी निवडलेला इंटरप्रिटर आणि नोटबुकसाठी निवडलेला कर्नल या दोन वेगळ्या निवडी आहेत, आणि एक केली की दुसरी झाली असे समजणारे लोक त्याच जुन्या खड्ड्यात पडतात. सगळी व्यवस्थाच कंटेनरमध्ये बंदिस्त करावी, हा कंटेनर वापरणाऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. ज्यांना तो भार पेलतो त्यांनी जरूर पेलावा. कंटेनरच्या आतही कर्नल कोणता, हे पाहणे सुटत नाही इतकेच.

‘नवशिक्याला पहिल्याच दिवशी कर्नल, पाथ, एन्व्हायरन्मेंट सांगून बुजवायचे कशाला?’ हा आक्षेप शिक्षकांचा असतो, आणि त्यामागे विद्यार्थ्यांची खरी काळजी असते. पहिल्या दिवशी नको, हे मीही म्हणेन. पण पहिला इम्पोर्ट एरर येतो तो दिवस टाळू नये. त्या दिवशी विद्यार्थ्यासमोर खराखुरा प्रश्न असतो, आणि इंटरप्रिटरचा पत्ता छापून दाखवायला शिक्षकाला दोन मिनिटे लागतात. तेव्हा घाईघाईने कुठेतरी पॅकेज बसवून वेळ मारून नेली, तर संगणक लहरी आहे असा समज मनात घर करतो आणि तो पुढे अनेक वर्षे निघत नाही.

सर्वांत बळकट आक्षेप राहिला आहे. नोटबुकच्या फाइलमध्ये कर्नलचे नाव आणि भाषेची आवृत्ती साठवली जाते, पॅकेजेसची यादी नाही. मग नाव देऊन काय साधले? माझ्या संगणकावरचे ‘लहरी-पाय३११’ तुमच्या संगणकावर नाहीच. हे खरे आहे, आणि म्हणूनच आवृत्त्यांसह पॅकेजेसची फाइल नोटबुकशेजारी ठेवणे हे या कामाचे दुसरे अंग आहे. नाव तिची जागा घेऊ शकत नाही. पण नावाचा उपयोग नेमका ते न सापडण्यात आहे. ‘पायथन ३’ हे नाव जवळपास प्रत्येक संगणकावर सापडते, म्हणून ज्युपिटर काही न विचारता नोटबुक उघडते आणि समोर असेल त्या पॅकेजेसवर चालवू लागते. विशिष्ट नाव सापडले नाही की ज्युपिटर थांबते आणि कोणता कर्नल वापरायचा ते विचारते. आपोआप चालवण्याच्या व्यवस्थेत तर असा कर्नल नाही असे सांगून कामच बंद पडते. काहींना हा अडथळा वाटतो. सर्व्हरवर रात्री आपोआप चालणाऱ्या कामांसाठी ‘पेपरमिल’सारख्या साधनाला कर्नलचे नाव आज्ञेतच देता येते, त्यामुळे तिथली अडचण सुटते. माणसासमोर मात्र हा प्रश्न यायलाच हवा. तो आला की यादीतले पहिले नाव निवडून पुढे जाऊ नये. पॅकेजेसची फाइल उघडावी, तिच्यावरून एन्व्हायरन्मेंट तयार करावी, त्याच नावाने कर्नल नोंदवावा, नोटबुक पुन्हा उघडावे आणि सगळे सेल वरपासून क्रमाने चालवावेत. उत्तरे जुळली तर ती नोंद खरी होती. जुळली नाहीत, तर शोध कुठून सुरू करायचा हे तरी आता ठाऊक असते.